नेम लहान असावा

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



आषाढ शुद्ध एकादशी जवळ आली म्हणजे आपल्या बिदर-कलबुर्गीकडील मराठी घरांतून चातुर्मासाच्या नेमांची बोलणी सुरू होतात. कोणी कांदा-लसूण वर्ज्य करतो, कोणी एकभुक्त राहण्याचा संकल्प सोडतो, कोणी रोज एकशे आठ प्रदक्षिणा घालण्याचे मनात आणतो. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतचा हा पुण्यकाळ नेमाधर्माने घालवावा ही आपल्या वाडवडिलांची रीत आहे आणि ती फार चांगली आहे. परंतु पुष्कळ घरी पुढे काय घडते, हेही आपण सर्व जाणतोच. पहिला पंधरवडा उत्साहात जातो. मग कोळपणी-खुरपणीची घाई येते, मुलांच्या परीक्षा येतात, घरात एखादे तापाचे आजारपण होते, आणि गौरी-गणपतीच्या सुमारास नेम केव्हा सुटला हे कोणाच्या ध्यानीही राहत नाही. राहते ती फक्त रुखरुख. मन शांत व्हावे म्हणून घेतलेला नेम मनाला आणखी एक काटा लावून जातो.

आजच्या संसारात काटे आधीच थोडे नाहीत. सकाळी डोळे पुरते उघडण्याच्या आत हात मोबाइलकडे जातो. जेवताना एक डोळा ताटावर आणि दुसरा पडद्यावर असतो. मुलगा पुण्यास किंवा हैदराबादेस नोकरीला असतो, दोन दिवस त्याचा फोन आला नाही की आईचा जीव खालीवर होतो. शेतकऱ्यास आधी पावसाची चिंता, पाऊस झाला तर पिकावरील रोगाची, आणि पीक हाती आले तर भावाची. दिवस कामात जातो, पण त्या दिवसात आपण स्वतः कोठे होतो, हे रात्री अंथरुणावर पडल्यावर सांगता येत नाही. मनाला थोडी स्वस्थता कशी लाभेल, हा प्रश्न देवळात येणारा जवळजवळ प्रत्येकजण या ना त्या शब्दांत विचारीत असतो.

वयाने आणि विद्येने मी लहान आहे. वडीलधाऱ्यांस उपदेश करण्याचा अधिकार माझा नाही. पुजाऱ्याच्या घरी जन्म झाल्यामुळे लोक नेम कसे धरतात आणि ते कसे सुटतात, हे देवळाच्या पायरीवरून पाहण्याचा योग आला, एवढेच. त्या पाहण्यातून आणि श्रीगुरुचरित्राच्या श्रवणातून जी एक गोष्ट मनात ठसली, ती आपल्यापुढे ठेवतो. ती अशी की, नेम लहान असावा. इतका लहान असावा की, ज्या दिवशी सर्व काही बिघडते त्या दिवशीही तो घडून जावा. मनाला स्थैर्य येते ते अशाच नेमाने.

याचा दाखला शोधण्यास लांब जावे लागत नाही. आपल्याच कलबुर्गी जिल्ह्यात, अफझलपूर तालुक्यात, भीमा आणि अमरजा या नद्यांच्या संगमावर श्रीक्षेत्र गाणगापूर आहे. पंधराव्या शतकात श्रीनृसिंहसरस्वती स्वामी महाराजांनी तेथे वीस वर्षांहून अधिक काळ वास केला. त्यांचे चरित्र सांगणारा श्रीगुरुचरित्र हा ग्रंथ आपल्या घराघरांतून पूजिला जातो. ग्रंथकर्ते सरस्वती गंगाधर यांची मातृभाषा कन्नड होती असे मानतात. तरीही त्यांनी ग्रंथ रचिला तो मराठी ओवीत, आणि त्यात काही कन्नड पदेही आदराने घातली. घरी मराठी, शाळेत कन्नड आणि बाजारात दखनी बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना हा ग्रंथ विशेष आपला वाटावा, यात नवल नाही. राज्यांच्या सीमा १ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्याने आखल्या गेल्या. त्याच्या कितीतरी आधीपासून या भाषा येथे एकाच ओसरीवर बसत आल्या आहेत.

या ग्रंथाचे पारायण करताना आपले लक्ष बहुधा मोठ्या प्रसंगांकडे जाते. मृत उठतो, वांझ म्हैस दूध देते, कोरडे काष्ठ पालवते. या प्रसंगांच्या गर्दीत तीन अगदी साधी माणसे उभी आहेत. एक शेतकरी, एक विणकर आणि एक परीट. तिघांपैकी कोणीही शास्त्र शिकलेला नव्हता. कोणाजवळ मोठ्या अनुष्ठानाला वेळ नव्हता, द्रव्यही नव्हते. तिघांचा नेम लहान होता आणि तिघांवरही श्रीगुरूंची कृपा झाली.

प्रथम शेतकऱ्याची कथा पाहू. गाणगापुरातील मठ गावात आहे आणि संगम गावापासून सुमारे तीन किलोमीटरांवर. स्वामी नित्य मठातून संगमावर अनुष्ठानासाठी जात आणि माध्यान्ही परत येत. वाटेत पर्वतेश्वर नावाच्या एका शेतकऱ्याचे शेत होते. स्वामी जाताना दिसले की तो हातातील काम ठेवून धावत येई, साष्टांग नमस्कार घाली आणि पुन्हा कामाला लागे. परतताना दिसले की पुन्हा तसेच. दिवसातून दोन नमस्कार, एवढाच त्याचा नेम. त्याने शेत सोडले नाही, मठात जाऊन बसला नाही, काही मागितलेही नाही. असे पुष्कळ दिवस गेले. शेवटी एके दिवशी स्वामींनीच त्यास विचारले, बाबा, तू एवढे कष्ट कशासाठी घेतोस? तेव्हा त्याने पीक चांगले यावे अशी आपली साधी इच्छा सांगितली. शेतात जोंधळा उभा होता. स्वामी म्हणाले, मी माध्यान्ही परत येईपर्यंत हे पीक कापून टाक.

पुढचा भाग आपण सर्वांनी ऐकलेला आहे. पीक अजून पुरते तयार नव्हते. त्याने गावच्या अधिकाऱ्याकडे जाऊन गतवर्षीच्या दुप्पट धान्य देण्याचे कबूल केले आणि कापणीची परवानगी आणली. बायकामुलांनी आकांत केला. गाव हसला. त्याने शेत कापले. स्वामी परत आले तेव्हा म्हणाले, अरे, मी सहज बोललो होतो! पुढे काही दिवसांनी अवेळी पाऊस आणि गार वारा सुटून गावाची उभी पिके गेली. या शेतकऱ्याच्या कापलेल्या बुडख्यांना मात्र नवे फुटवे आले आणि पूर्वी कधी आले नव्हते एवढे धान्य त्याच्या घरी आले.

ही कथा सांगताना आपण धान्याच्या राशीवर थांबतो. माझी विनंती अशी की, आपण थोडे मागे यावे आणि कापणी व पाऊस यांच्या मधल्या दिवसांकडे पाहावे. शेत मोकळे पडले आहे. दुप्पट धान्याचा बोल देऊन चुकला आहे. घरात रडारड आहे, बाहेर हसू आहे. फळ येणार की नाही हे त्याला ठाऊक नाही, कारण पुढचे पान त्याने वाचलेले नाही. ते आपण वाचले आहे. त्या दिवसांत तो बायकोला धीर देतो आणि स्वतः ढळत नाही. हे बळ त्याच्या ठायी कोठून आले? ते एका दिवसात आलेले नव्हते. जाता-येता घातलेल्या त्या दोन नमस्कारांतून, दिवसामागून दिवस, ते साठत गेले होते. बियाणे जमिनीत कुजत नाही हे शेतकरी जसा उकरून न पाहताच जाणतो, तसे त्याचे मन न विचारता जाणत होते की आपण ज्याला नमस्कार करतो तो आपल्याला टाकणार नाही.

येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे. कोणाच्या सांगण्यावरून आपण आपले पीक कापावे, दागिने मोडावेत किंवा कर्ज काढावे, असा या कथेचा अर्थ कोणी करू नये. देवाधर्माच्या नावाने असे करण्यास सांगणारी माणसे आजही भेटतात, त्यांच्यापासून सावध असावे. श्रीगुरूंचा अधिकार श्रीगुरूंचा. आपण या कथेतून घ्यावयाचे ते त्या शेतकऱ्याचे दोन नमस्कार आणि त्यांतून आलेली स्थिरता. २०२२ च्या हंगामात आपल्या भागात तुरीवर मर रोग पडला आणि हिरवी शेते डोळ्यांदेखत वाळली. त्या वेळी घराघरांत जे दिवस गेले ते आपणांस आठवत असतील. नेमाने मर रोग थांबत नाही. वाळलेल्या शेतासमोर उभ्या राहिलेल्या माणसाचे मन मात्र नेमाने सावरू शकते, आणि मन सावरले तर माणूस पुढच्या पेरणीला उभा राहतो. घरच्या लेकराबाळांना सर्वांत मोठे धन हेच की कर्ता माणूस उभा आहे.

आता विणकराची कथा. त्यास ग्रंथात तंतुक म्हटले आहे. तो दिवसाचे तीन प्रहर आपल्या संसारासाठी राबे. उरलेल्या वेळात मठात येई, अंगण झाडी, आणि दुरूनच नमस्कार करून घरी जाई. शिवरात्रीस त्याचे आईबाप श्रीशैल यात्रेस निघाले. त्यांनी त्याला चल म्हटले. तो म्हणाला, माझा श्रीशैल येथेच आहे. पुढे श्रीगुरूंनी त्याला क्षणात श्रीशैलाचे दर्शन घडविले, अशी कथा आहे. यात्रा वाईट असे तो म्हणाला नाही. रोजच्या झाडण्यात त्याला जे लाभले होते त्याच्यापुढे दूरची ओढ राहिली नव्हती, एवढेच. आपल्यापैकी कितीजण शांतीसाठी दूरदूरच्या यात्रांच्या गाड्या पकडतात! यात्रा अवश्य करावी. परंतु आपल्या घरचे अंगण रोज मन लावून झाडणे हीही एक यात्राच आहे, हे तंतुकाने दाखविले आहे.

तिसरा परीट. तो कुरवपूरचा. कृष्णा नदीच्या बेटावरील या क्षेत्री श्रीपादश्रीवल्लभ राहत असत. ते स्नानास नदीवर येत आणि परीट त्याच नदीवर कपडे धूत असे. स्वामी आले की तो नमस्कार करी. नमस्कार हा त्याचा नेम आणि धुणे हा त्याचा धंदा, दोन्ही एकाच घाटावर. एके दिवशी नदीतून एका राजाची नौका चालली होती. अंगावर अलंकार, भोवती स्त्रिया, वाद्यांचा गजर. परटाचे हात थांबले. त्याच्या मनात आले, हे सुख आपल्याला कधी मिळेल? श्रीगुरूंनी ते ओळखले आणि पुढच्या जन्मी तुला राज्य मिळेल असा वर दिला. ग्रंथ सांगतो की तो पुढे आपल्या बिदरात मुसलमान बादशहा होऊन जन्मला. सर्व वैभव मिळाले, पण मांडीवर एक गळू उठले आणि काही केल्या ते बरे होईना. शेवटी तो गाणगापुरी स्वामींच्या पायांशी आला, त्याला पूर्वजन्म आठवला आणि पीडा शमली.

या परटास नावे ठेवण्याचे कारण नाही. आपण सर्व त्याच घाटावर उभे आहोत. त्याच्यापुढून एक नौका एकदाच गेली. आपल्या तळहातावरील पडद्यातून अशा नौका दिवसभर जात असतात. कोणाचे लग्न, कोणाची गाडी, कोणाचा नवा बंगला, कोणाची परदेशची सहल. हातातील धुणे थांबते आणि मनात तोच प्रश्न उठतो. त्या परटाला शेवटी वाचविले कशाने? राज्याने नव्हे. घाटावर घातलेल्या त्या नमस्कारांनी. मन भरकटले तरी नमस्कार वाया गेले नव्हते. एका जन्मानंतरही त्यांनी त्याला हाताला धरून परत आणले. ज्यांचे मन नेमात लागत नाही, त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवून निराश होऊ नये.

या तिघांचे नेम जवळ जवळ ठेवून पाहिले तर त्यांत तीन गोष्टी सारख्या दिसतात. पहिली ही की, नेम रोजच्या कामाच्या जागीच होता. शेतकऱ्याचा बांधावर, परटाचा घाटावर, आणि विणकराचा काम आटोपून घरी जाण्यापूर्वी. त्यासाठी निराळा मुहूर्त काढावा लागत नव्हता. दुसरी ही की, नेमाला आठवण करून देणारी एक खूण होती. स्वामी दिसले की नमस्कार, काम संपले की अंगण. आठवण ठेवण्याचे श्रम मनावर पडत नव्हते. तिसरी ही की, खर्च काही नव्हता आणि दुसऱ्या कोणाला त्रासही नव्हता. आपल्या शेजारधर्मातही हीच शिकवण आहे. बाराव्या शतकात कल्याण नगरीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, महात्मा बसवेश्वरांनी कायक हीच पूजा असे सांगितले. काम आणि पूजा यांच्यामधली भिंत त्यांनी काढली. आपल्या दत्तभक्त परटाने आणि विणकराने आपल्या परीने तेच केले.

नेम लहान व घरचा असावा याचे आणखी एक कारण आपण सर्वांनी अनुभवले आहे. करोनाच्या साथीने भारतात पहिला बळी घेतला तो मार्च २०२० मध्ये आपल्याच कलबुर्गीत. त्याच महिन्यात देशभर टाळेबंदी झाली आणि देवळांची दारे भाविकांस बंद झाली. ज्यांचा सारा नेम देवळाच्या गाभाऱ्याशी बांधलेला होता ते गांगरून गेले. ज्यांच्या घरी तिन्हीसांजेस एक वात लागत होती, त्यांची वात टाळेबंदीतही लागत राहिली. त्याच वर्षी ऑक्टोबरात भीमेला मोठा पूर आला. काठावरच्या पुष्कळांना घर सोडून सरकारी निवाऱ्यात राहावे लागले. तेथे देव्हारा नव्हता, सोवळे नव्हते. परंतु हात जोडून क्षणभर डोळे मिटण्यास देव्हारा लागत नाही. संकटात जो बरोबर येतो तो नेम आपला. जो घरी राहून जातो तो कितीही मोठा असला तरी संकटापुरता उसनाच.

आता आपण काय करावे, हे थोडक्यात सांगतो. पुढे पाच लहान नेम लिहिले आहेत. पाचही घेऊ नयेत. एकच घ्यावा.

पहिला, जागे होताच करावयाचा. डोळे उघडल्यावर अंथरुणात बसूनच दोन्ही तळहात जोडून उघडावेत, त्यांचे दर्शन घ्यावे, आणि आज या हातांनी करावयाचे एक मुख्य काम मनाशी ठरवावे. मोबाइल त्यानंतर. यास दीड-दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही, पण दिवस कोणाच्या तरी बातमीने सुरू न होता आपल्या संकल्पाने सुरू होतो.

दुसरा, उंबरठ्याचा. घराबाहेर पडताना आणि आत येताना उंबरठ्यापाशी एक श्वास थांबावे व मनात दत्तनाम घ्यावे. बाहेरचा राग घरात आणू नये आणि घरची कटकट बाहेर नेऊ नये, यासाठी एवढा थांबा पुरेसा आहे. दुकानातून त्रासून आलेला बाप जर एक श्वास उंबरठ्यावर थांबला, तर पुढ्यात धावत आलेल्या लेकरावर तो खेकसणार नाही.

तिसरा, जेवणाचा. गाणगापुरात दुपारी माधुकरीची पद्धत आजही चालू आहे. भाविक पाच घरी भिक्षा मागतात. श्रीदत्तात्रेय माध्यान्ही कोणत्या तरी रूपाने तेथे भिक्षेस येतात अशी श्रद्धा असल्यामुळे दारी आलेल्याला कोणी विन्मुख पाठवीत नाही. आपल्या घरी हा भाव असा आणता येईल. जेवणाआधी पोळीचा एक तुकडा किंवा चतकोर भाकरी गाय, कुत्रा, पाखरू यांपैकी कोणासाठी तरी बाजूस ठेवावी आणि पहिला घास न बोलता, पडद्याकडे न पाहता खावा. संपूर्ण जेवण मौनाने करा असे म्हणत नाही. फक्त पहिला घास.

चौथा, तिन्हीसांजेचा. दिवा लागला की घरात जे कोणी असतील त्यांनी देवापुढे पाच मिनिटे एकत्र बसावे. मोबाइल तेवढा वेळ दुसऱ्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवावेत. मुलांनी शुभंकरोती म्हणावी. जी मुले कन्नड शाळेत शिकतात त्यांच्या कानांवर मराठी पडावी, यासाठी एखाद्याने श्रीगुरुचरित्राच्या रोज पाच ओव्या मोठ्याने वाचाव्यात. ग्रंथात सात हजारांहून अधिक ओव्या आहेत. रोज पाच वाचल्या तरी चार वर्षांच्या आसपास ग्रंथ पूर्ण होतो, आणि तेवढ्या काळात सहा वर्षांचे मूल दहा वर्षांचे होऊन स्वतः वाचू लागते. ज्या घरी या ग्रंथाच्या वाचनाचे नियम कडक पाळतात, त्यांनी ज्ञानेश्वर महाराजांच्या हरिपाठातला एक अभंग रोज म्हणावा.

पाचवा, झोपण्यापूर्वीचा. दुकानदार जसा दिवसाचा जमाखर्च मिटवून मगच दुकान बंद करतो, तसे अंथरुणावर बसून मनाशी दोनच प्रश्न विचारावेत. आज मला कोणाकडून काय मिळाले? आज मी कोणाला दुखावले? पहिल्याचे उत्तर आले तर देवाचे आणि त्या माणसाचे आभार मानावेत. दुसऱ्याचे उत्तर आले तर उद्या त्या माणसाशी गोड बोलण्याचे ठरवावे. बाकीचा हिशेब देवावर सोडून झोपावे.

नेम घेताना काही पथ्ये आहेत, ती सांगून हे निवेदन आटोपते घेतो.

पहिले पथ्य फार महत्त्वाचे आहे आणि ते पुरुषांसाठी आहे. पुष्कळ घरी नेम घेतो घरधनी आणि तो पार पाडते घरधनीण. एकभुक्ताचा संकल्प त्याचा, पण वेगळा स्वयंपाक तिचा. सोवळे त्याचे, पण सोवळ्यातले पाणी भरणे तिचे. सूर्योदयापूर्वी पूजा त्याची, पण फुले, गंध, वाती यांची तयारी तिची. अशा नेमाचे पुण्य कोणाच्या पदरी पडते हे देव जाणे, थकवा मात्र तिच्या पदरी पडतो. ज्या नेमासाठी घरातील दुसऱ्या माणसाला लवकर उठावे लागते किंवा उशिरा जेवावे लागते, तो नेम आपला नव्हे. त्या शेतकऱ्याने आपला नमस्कार स्वतःच्या पायांनी धावत जाऊन घातला. आपणही आपला नेम आपल्याच हातांनी करावा.

दुसरे पथ्य, खंड पडला तर घाबरू नये. पेरणी केल्यावर काही ठिकाणी उगवण होत नाही आणि नांगे पडतात. म्हणून कोणी शेत मोडीत नाही. पाऊस पाहून नांगे भरून घेतात. एक दिवस नेम चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करून दंड भरू नये. नेहमीचा तेवढाच, नेहमीच्या वेळी करावा.

तिसरे पथ्य, नेम वाढविण्याची घाई करू नये. महिनाभर चांगला चालला की मन म्हणते, पाच ओव्यांच्या जागी पन्नास करू. तेथेच घसरण सुरू होते. एखाद्या दिवशी प्रेमाने जास्त झाले तर आनंद आहे. परंतु नेम म्हणून धरावयाचे ते तेवढेच, लहान.

चौथे पथ्य, नेमाला औषध समजू नये. मन फारच खचले असेल, रात्र रात्र झोप येत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर घरच्यांशी बोलावे, डॉक्टरकडे जावे, आणि देवळात येऊन सांगावे. त्यात कमीपणा नाही. बिदरचा बादशहासुद्धा आपले दुखणे लपवून बसला नाही. तो पालखीत बसून गाणगापुरास आला आणि मांडी उघडी करून दाखविली, तेव्हा बरा झाला. आपल्या शेजारी असा कोणी गप्प गप्प राहू लागला असेल, तर त्याच्या ओसरीवर जाऊन घटकाभर बसणे हा त्या दिवसाचा सर्वांत मोठा नेम समजावा.

भक्तहो, एकादशीस अजून काही दिवस आहेत. घरातील सर्वांनी एका संध्याकाळी एकत्र बसावे आणि प्रत्येकाने आपापल्या शक्तीप्रमाणे एक लहान नेम निवडावा. आजीचा निराळा असेल, नातवाचा निराळा असेल. कोणी कोणाच्या नेमाची चेष्टा करू नये आणि कोणी कोणाच्या नेमावर पहाराही ठेवू नये. तो चार महिने चालवावा. कार्तिकीस देवळात आल्यावर, तो किती दिवस चालला याचा हिशेब देवाला देण्याची गरज नाही. एवढेच पाहावे की, घरात आवाज चढण्याचे प्रसंग थोडे कमी झाले का, ताटावरचा घास थोडा गोड लागू लागला का, आणि वाईट बातमी आली त्या दिवशी आपले पाय थोडे अधिक घट्ट उभे राहिले का. तसे झाले असेल तर तोच नेम पुढे चालू ठेवावा.

संगमाच्या वाटेवरील त्या बांधावरून जो रोज दोन वेळा धावत आला, त्याच्यावर ज्यांनी कृपा केली, ते श्रीगुरू आपल्या सर्वांच्या लहानशा नेमाचा स्वीकार करोत, आणि आपल्या घरी सुखशांती नांदो, हीच त्यांच्या निर्गुण पादुकांपाशी प्रार्थना.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥